डायलिसिसवरील रुग्णाचा रक्तदाब घरी कसा मोजावा आणि त्याचे चढउतार कसे समजून घ्यावेत

सकाळी घरी १८० वर असलेला वरचा आकडा दुपारी डायलिसिसच्या तिसऱ्या तासाला ९० वर येतो आणि रात्री पुन्हा १७० वर जाऊन बसतो, हा अनुभव मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या अनेक कुटुंबांना पहिल्या काही महिन्यांतच येतो. घरच्यांना वाटते की रुग्णाला उच्च रक्तदाब आणि कमी रक्तदाब असे दोन वेगळे आजार आहेत. मग एकासाठी गोळी वाढवून मागितली जाते, दुसऱ्यासाठी लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पाजले जाते, आणि हे दोन्ही उपाय एकमेकांच्या मुळावर येतात. प्रत्यक्षात दोन्ही टोकांचे आकडे पुष्कळदा एकाच बिघाडातून निघालेले असतात. रक्तवाहिन्या आवळण्याचा किंवा सैल सोडण्याचा हुकूम देणारी चेतासंस्था मूत्रपिंडांच्या आजारात बेताल होते, आणि तो बेतालपणा कसा ओळखावा हे कळले की वहीतल्या आकड्यांना अर्थ येतो. घरात रक्तदाबाची वही ज्याच्या हाती असते त्याच्यासाठी हे लिहिले आहे. औषधांची मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. त्यांच्यापुढे नेमकी माहिती ठेवणे मात्र आपल्या हातात आहे.

आधी बिघाड समजून घ्यावा

आपल्या लहान धमन्यांच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो आणि त्या स्नायूंपर्यंत स्वायत्त चेतासंस्थेचे, त्यातही अनुकंपी (सिंपथेटिक) भागाचे, तंतू पोहोचलेले असतात. या तंतूंच्या टोकाशी नॉरॲड्रेनालिन सुटले की स्नायू आकुंचन पावतात, वाहिनी अरुंद होते आणि रक्तदाब वाढतो. हुकूम किती जोराचा द्यावा हे मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील केंद्रे ठरवतात. त्यांना खबर देणारे दाबग्राही मानेतील धमनीच्या फाट्यापाशी आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत असतात. धमनीची भिंत ताणली गेली की ते ‘दाब वाढला’ असे कळवतात आणि केंद्र हुकूम सौम्य करते. ताण कमी झाला की हुकूम पुन्हा कडक होतो. आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लीटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते, तरीही घेरी येत नाही, याचे श्रेय काही सेकंदांत पार पडणाऱ्या या देवाणघेवाणीला आहे.

मूत्रपिंडांचे या व्यवस्थेशी दुहेरी नाते आहे. मेंदूकडून त्यांच्याकडे चेतातंतू येतात, आणि त्यांच्याकडून मेंदूकडे खबर नेणारे तंतूही जातात. मूत्रपिंडाच्या ऊतींना रक्त अपुरे पडू लागले किंवा त्यांत व्रण पडले की हे खबर नेणारे तंतू सतत तक्रार करत राहतात, आणि त्या तक्रारीला उत्तर म्हणून मेंदू साऱ्या शरीरातील रक्तवाहिन्यांना आवळण्याचा हुकूम देत राहतो. हे केवळ तर्काने मांडलेले नाही. स्वीडनमधील उप्साला येथे १९६० च्या दशकात हागबार्थ आणि वाल्बो यांनी जागृत माणसाच्या चेतेत केसासारखी बारीक सुई घालून तिच्यातील विद्युत्स्पंद मोजण्याची रीत विकसित केली होती. तीच रीत वापरून अमेरिकेतील डॅलस येथील संशोधकांनी डायलिसिसवरील रुग्णांच्या गुडघ्याखालच्या चेतेतील अनुकंपी स्पंद मोजले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी माणसांत मिनिटाला सरासरी २३ स्पंद दिसले, तर रुग्णांत ५८, म्हणजे सुमारे अडीच पट. मात्र ज्या रुग्णांची दोन्ही निकामी मूत्रपिंडे शस्त्रक्रियेने काढून टाकलेली होती त्यांचा आकडा २१ होता, आणि डायलिसिस तर तेही घेत होते. रक्तात साठणाऱ्या विषारी द्रव्यांवर सारा दोष टाकता येत नाही, जागच्या जागी राहिलेले आजारी मूत्रपिंड स्वतःच ओरड करत असते, हे त्यातून दिसले. माझ्या मते या विषयात सामान्य वाचकाने लक्षात ठेवावा असा एकच प्रयोग निवडायचा झाला तर तो हाच.

त्यात इतर गोष्टींची भर पडते. आजारी मूत्रपिंड रेनिन जास्त सोडते, त्यातून तयार होणारे अँजिओटेन्सिन वाहिन्या थेट आवळते आणि मेंदूतील केंद्रांनाही चिथावते. मूत्रावाटे बाहेर पडायला हवे असे असिमेट्रिक डायमिथाइल आर्जिनिन नावाचे द्रव्य रक्तात साठते आणि वाहिन्यांच्या अस्तरात तयार होणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला अडवते; वाहिनी सैल करण्याचे काम नायट्रिक ऑक्साइड करते, त्यामुळे आवळणाऱ्याला प्रतिस्पर्धीच उरत नाही.

ही झाली चढणाऱ्या आकड्याची बाजू. आकडा कोसळतो त्याचे कारण असे की हुकूम सतत कडक असला तरी त्याला वेळेनुसार बदलणारी यंत्रणा मंदावलेली असते. वर्षानुवर्षांच्या कॅल्शियम-फॉस्फरसच्या असमतोलामुळे मोठ्या धमन्यांत कॅल्शियम बसते, भिंती ताठ होतात, आणि ताठ भिंत ताणली जात नसल्यामुळे तिच्यातल्या दाबग्राहींना दाबातला फरक नीट कळत नाही. दीर्घ आजारात स्वायत्त चेतातंतूही झिजतात. मधुमेहामुळे मूत्रपिंडे गेली असतील तर ही झीज बहुधा त्याआधीच सुरू झालेली असते. शिवाय ज्या वाहिन्या आधीच आवळून धरलेल्या आहेत त्यांना गरजेच्या वेळी आणखी आवळायला फारशी जागा उरत नाही. पूर्ण ताणलेल्या दोराला आणखी ताण कुठून मिळणार?

मोजमाप कसे करावे

दंडावर बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे. मनगटावरची यंत्रे या रुग्णांत मुळीच भरवशाची नाहीत, कारण त्यांच्या धमन्या ताठ असतात. दंडाच्या घेराला शोभेल असा पट्टा हवा. जाड दंडावर लहान पट्टा आवळला तर आकडा खोटा चढतो. ज्या हातात फिस्चुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) आहे त्या हाताला पट्टा कधीही बांधू नये. दोन्ही हात वापरून झाले असतील तर मांडीवर किंवा पायावर मोजण्याची रीत डायलिसिस केंद्रातील तंत्रज्ञांकडून शिकून घ्यावी आणि त्या आकड्यापुढे ‘पाय’ असे लिहावे, कारण पायाचा आकडा हातापेक्षा निराळा येतो.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि मशेरी टाळावी. मशेरीचा उल्लेख मुद्दाम करत आहे, कारण पुष्कळ घरांत तिला व्यसनात धरलेच जात नाही. तिच्यातले निकोटिन मात्र याच अनुकंपी चेतांना डिवचते. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, हात हृदयाच्या पातळीवर येईल असा टेबलावर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि न बोलता एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजावे. सकाळी गोळ्या घेण्यापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी, असे डायलिसिस नसलेल्या दिवशी सलग आठवडाभर मोजलेले आकडे हे केंद्रात सुई लागण्यापूर्वी घाईत घेतलेल्या आकड्यापेक्षा खऱ्या परिस्थितीच्या अधिक जवळ असतात. घरच्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहत असेल तर तो वाढलेला रक्तदाब मानला जातो. रुग्णासाठी नेमके लक्ष्य कोणते हे डॉक्टरच सांगतील.

आता या सगळ्या खटाटोपातला महत्त्वाचा भाग. आठवड्यातून एकदा, आणि डायलिसिसहून आल्यावर थकवा उतरल्यानंतर एकदा, झोपून आणि उभे राहून अशी जोडीने मोजणी करावी. रुग्णाने पाच मिनिटे उताणे पडून राहावे, रक्तदाब आणि नाडी दोन्ही लिहावे; मग आधाराला माणूस जवळ ठेवून उभे राहावे आणि एक मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा १० किंवा त्याहून अधिक उतरला तर त्याला स्थितिजन्य अल्परक्तदाब म्हणतात. घेरी आली तर तीन मिनिटे पुरी करण्याचा हट्ट धरू नये, लगेच बसवावे आणि तेही लिहून ठेवावे.

नाडी कशासाठी लिहायची, हा प्रश्न हमखास विचारला जातो. समजा, झोपलेले असताना १४८ असलेला वरचा आकडा उभे राहिल्यावर ११८ झाला, म्हणजे ३० ने उतरला. त्याच वेळी नाडी ७६ वरून १०० झाली असेल तर चेतासंस्था आपले काम करत आहे. शरीरातले पाणी जास्त काढले गेले असावे किंवा एखादी गोळी जास्त होत असावी, अशी शंका घेता येते. पण नाडी ७६ वरून फक्त ८२ झाली असेल तर हृदयाला आणि वाहिन्यांना जाणारा हुकूमच अशक्त झाला आहे असे समजण्यास जागा आहे. नाडीतील वाढीला रक्तदाबातील उताराने भागले आणि उत्तर ०.५ पेक्षा कमी आले तर दोष चेतांमध्ये असण्याचा संभव मोठा असतो. आपल्या दोन उदाहरणांत ते ०.८ आणि ०.२ येते. रुग्ण नाडी मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या घेत असेल, त्याला पेसमेकर बसवलेला असेल किंवा नाडी अनियमित असेल तर हे गणित फसते, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर चालू औषधांची यादी असावी.

मीठ, पाणी आणि यंत्राचा वेग

साठ किलो वजनाच्या माणसाच्या रक्तवाहिन्यांत कोणत्याही क्षणी असलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव भाग, अडीच ते तीन लीटरच असतो. दोन डायलिसिसच्या मध्ये तीन किलो वजन वाढलेल्या रुग्णाच्या अंगातून यंत्र चार तासांत तीन लीटर पाणी ओढते, म्हणजे जवळजवळ साऱ्या प्लाझ्माइतके. हे पाणी वाहिन्यांतून काढले जाते आणि ती पोकळी ऊतींतले पाणी हळूहळू आत येऊन भरून काढते. भरणे ओढण्यापेक्षा मागे पडते तेव्हा वाहिन्यांनी आवळून दाब सांभाळायचा असतो. नेमके तेच काम या रुग्णांना जमत नाही. काहींच्या बाबतीत तर ओढलेल्या दोराने अचानक सुटावे तसा हुकूम एकाएकी ढासळतो, आणि तेव्हा नाडी वाढण्याऐवजी मंदावते, जांभया येतात, घाम फुटतो आणि शुद्ध हरपू शकते.

म्हणून पाणी काढण्याचा वेग तासाला किलोमागे १३ मिलिलीटरच्या वर जाऊ देऊ नये असा सर्वसाधारण संकेत आहे. साठ किलोच्या रुग्णासाठी चार तासांत हा हिशेब ३ लीटर १२० मिलिलीटर होतो. वजन चार किलो वाढले असेल तर तेच पाणी त्याच चार तासांत काढण्याचा आग्रह आपण धरू नये. वेळ वाढवता येईल का किंवा जादा फेरी घेता येईल का, हे विचारावे. परतीची गाडी चुकेल म्हणून अर्धा तास आधी सोडण्याची गळ घालणे हा तर उलटा मार्ग आहे, कारण राहिलेले पाणी पुढच्या वेळी आणखी वेगाने काढावे लागते.

लिंबू सरबताचा प्रश्न इथेच येतो. उभे राहिल्यावर रक्तदाब उतरणाऱ्या इतर माणसांना डॉक्टर पाणी आणि मीठ वाढवायला सांगतात, आणि तो सल्ला ऐकीव रूपाने डायलिसिसच्या रुग्णापर्यंत पोहोचतो. त्याच्यासाठी तो घातक आहे. सुमारे आठ ग्रॅम मीठ शरीरात एक लीटर पाणी धरून ठेवते. मूत्र होत नसेल तर ते पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत जाणार कुठे? रक्तदाब उतरला म्हणून मीठ दिले, मिठाने तहान वाढली, तहानेने वजन वाढले, वाढलेल्या वजनासाठी यंत्राचा वेग वाढला आणि वेगामुळे रक्तदाब पुन्हा उतरला, असे हे चक्र घरचेच लोक प्रेमापोटी फिरवत राहतात. दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत ठेवावे, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण, सुके बोंबील, पाव आणि वरून शिंपडलेला चाट मसाला हे सारे धरावे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे मीठ मात्र आणू नये. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते आणि ते या रुग्णांच्या जिवावर बेतू शकते.

यंत्रावर असताना रक्तदाब कोसळत असेल तर तीन गोष्टी डॉक्टरांशी बोलून घ्याव्यात. पहिली, डायलिसिसच्या द्रावाचे तापमान ३७ अंशांवरून ३६ किंवा ३५.५ पर्यंत उतरवता येईल का. थंड द्रावामुळे त्वचेतील वाहिन्या आवळतात आणि जे काम चेतासंस्थेला जमत नाही ते थंडीकडून करून घेता येते. रुग्णाला हुडहुडी भरेल, त्यासाठी शाल किंवा ब्लँकेट बरोबर न्यावे. हा उपाय स्वस्त आणि परिणामकारक असूनही तो आपणहून मागावा लागतो, याचे मला नेहमी नवल वाटते. दुसरी, यंत्रावर असताना जेवू नये. पोटात अन्न गेले की आतड्यांकडे रक्त वळते आणि बाकीच्या शरीराला कमी पडते. डबा नंतर उघडावा. मात्र मधुमेह असणाऱ्याने साखर उतरू नये म्हणून आधीच नीट खाऊन जावे. तिसरी, ‘ड्राय वेट’, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावर असायला हवे ते वजन, पुन्हा तपासावे, कारण भूक सुधारून अंगावर मांस चढले असेल तर जुन्या आकड्यापर्यंत पाणी काढणे म्हणजे रुग्णाला कोरडे करणे होय.

डायलिसिस संपल्यावर खुर्चीच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटे बसावे, उभे राहून एकदा रक्तदाब मोजून घ्यावा आणि मगच रिक्षाकडे निघावे. त्या दिवशी घरी गेल्यागेल्या कढत पाण्याने आंघोळ करू नये. उकिडवे बसून उठताना रक्त झटकन पायांत उतरते, म्हणून भारतीय पद्धतीच्या शौचालयात भिंतीला धरायचा दांडा बसवून घ्यावा किंवा खुर्ची ठेवावी. उभे असताना डोळ्यांपुढे अंधारी आलीच तर पायांची कात्री करून मांड्या व पोटऱ्या जोराने आवळाव्यात. चेतांनी न केलेले काम थोडा वेळ स्नायू करतात, आणि तेवढ्यात बसायला जागा शोधता येते.

औषधांविषयी

डायलिसिसच्या सकाळी कोणत्या गोळ्या घ्यायच्या आणि कोणत्या नंतर, हे एका कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. एनालाप्रिलच्या गटातली किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारखी औषधे अँजिओटेन्सिनला रोखतात आणि त्यामुळे चेतांचा अतिरेकही कमी करतात. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे मूत्रपिंडाच्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एनालाप्रिल आणि ॲम्लोडिपिन या दोन्हींनी रक्तदाब उतरवला, पण चेतांचे स्पंद एनालाप्रिलने घटले आणि ॲम्लोडिपिनने वाढले. यावरून ॲम्लोडिपिन वाईट ठरत नाही. सारखा आकडा दोन वेगळ्या वाटांनी येऊ शकतो इतकेच. एनालाप्रिलच्या वाटेने पोटॅशियम वाढू शकते, म्हणून तपासण्या चुकवू नयेत. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही औषधे डायलिसिसमध्ये बऱ्याच अंशी धुऊन निघतात, कार्व्हेडिलॉल निघत नाही; त्यामुळे वेळापत्रक औषधागणिक बदलते.

क्लोनिडिनविषयी मात्र विशेष सावध राहावे. ही गोळी थेट मेंदूतल्या केंद्रांना शांत करते, आणि रक्तदाब उतरला म्हणून किंवा पाकीट संपले म्हणून ती एकदम बंद केली तर दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी तसा अनुकंपी हुकूम उसळतो आणि रक्तदाब धोक्याच्या पातळीवर जातो. नवे पाकीट आठवडाभर आधीच आणून ठेवावे. प्राझोसिनची स्थिती उलट आहे: पहिल्या मात्रेनंतर उभे राहताना रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून ती रात्री झोपताना घ्यावी आणि रात्री लघवीला किंवा पाण्याला उठताना एकट्याने उठू नये. मिडोड्रिन ही वाहिन्या आवळणारी गोळी काहींना डायलिसिसच्या आधी दिली जाते. ती घेतल्यावर आडवे पडल्यास रक्तदाब फार चढू शकतो, त्यामुळे डोक्याकडची बाजू किती उंच ठेवायची हे विचारून घ्यावे. सर्दीच्या अनेक गोळ्यांत फेनिलेफ्रिन असते आणि तेही वाहिन्या आवळते. दुकानातून परस्पर गोळी आणण्यापेक्षा केंद्रात एक फोन करावा.

रात्रीच्या आकड्याकडे फारसे कुणी पाहत नाही. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. या रुग्णांत चेतांना रात्रीही विसावा नसल्याने तो उतरत नाही, कधी वाढतोही. रुग्ण मोठ्याने घोरत असेल आणि घोरता घोरता श्वास थांबून दचकत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण प्रत्येक थांबलेला श्वास अनुकंपी चेतांना नव्याने चेतवतो. झोपून रक्तदाब जास्त आणि उभे राहून कमी अशी जोडी वहीत वारंवार दिसत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करावी.

छातीत दुखणे, धाप लागणे, बोलण्यात अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा बेशुद्धी यांपैकी काहीही दिसले तर दुसरे मोजमाप घेत बसू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि मार्गात असतानाच केंद्राला कळवावे.

ज्यांचे प्रत्यारोपण होते त्यांच्या घरी ही वही बहुधा कपाटात जाते, आणि तिथे गफलत होते. नवे मूत्रपिंड ओटीपोटात बसवतात. जुनी दोन्ही बहुतेक वेळा जागच्या जागी ठेवली जातात. त्यांच्याकडून निघणारी ओरड नवे मूत्रपिंड उत्तम चालत असतानाही थांबत नाही, हे अशा रुग्णांच्या चेतांतील स्पंद मोजून दिसलेले आहे, आणि प्रत्यारोपणानंतरच्या काही औषधांनीही रक्तदाब वाढतो. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) उत्तम आले तरी सकाळ-संध्याकाळची मोजणी आणि आठवड्याची झोपून-उभ्याची जोडी पुढेही चालू ठेवावी. पट्टा कोणत्या हाताला बांधायचा हा नियमही फिस्चुला चालू असेपर्यंत तोच राहतो.